आतेभाऊ सम्राट, सासरा राजा, आणि तरी हाती उरलं एक गाव

1983 च्या डिसेंबरमध्ये लंडनला सोदबीजच्या लिलावात एक पुस्तक 81 लाख 40 हजार पौंडांना गेलं. तोवर जगात कुठल्याच पुस्तकाला एवढी किंमत आली नव्हती. जर्मनीच्या केंद्र सरकारने, दोन राज्यांनी आणि एका सांस्कृतिक प्रतिष्ठानने वर्गणी काढल्यासारखे पैसे जमवून ते विकत घेतलं. आज ते वोल्फेनबुटेलच्या ग्रंथालयात आहे. पुस्तक म्हणजे बायबलमधल्या चार शुभवर्तमानांची हस्तलिखित प्रत, बाराव्या शतकातली. हेल्मार्सहाउजेन मठातल्या हेरिमान नावाच्या भिक्षूने ती तयार केली.

त्यातल्या एका चित्राबद्दल आज लिहायचं आहे. चित्रात एक नवरा-बायको गुडघे टेकून बसलेत, आणि वरून, म्हणजे थेट स्वर्गातून, दोन हात येऊन त्यांच्या डोक्यावर मुकुट ठेवताहेत. दोघांच्या मागे नातेवाईक उभे. नवऱ्यामागे त्याचे आईवडील, आणि त्यांच्या पलीकडे आईचे आईवडील: सम्राट लोथार आणि त्याची राणी. बायकोमागे तिचा बाप, इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री. त्याच्यामागे तिची आजी, जी पूर्वी जर्मन सम्राटाची बायको होती. लग्नाच्या हॉलच्या दारात दोन्हीकडची वडीलधारी मंडळी उभी असतात ना, अगदी तसं. आमचं घराणं बघा, सोयरीक बघा.

गंमत अशी की हा माणूस राजा नव्हता. सरदार होता. नाव हाइनरिश, लोक त्याला म्हणत 'सिंह'. इंग्रजी पुस्तकांत तो 'हेन्री द लायन' म्हणून भेटतो. हे चित्र नेमकं कधी काढलं यावर अभ्यासकांचे वाद आहेत. कुणी म्हणतं त्याच्या ऐन भरात, कुणी म्हणतं सगळं गमावल्यावर. दुसरं म्हणणं खरं असेल तर ते चित्र फार केविलवाणं आहे.

आता नाती नीट लावून घेऊ, कारण सगळी गोष्ट नात्यांचीच आहे. इंग्रजी पुस्तकं सरसकट 'कझिन' लिहून मोकळी होतात, त्यामुळे वाचणाऱ्याला पत्ता लागत नाही कोण कुणाचा. मराठीत ही अडचण नाही. हाइनरिश वेल्फ घराण्यातला. त्याच्या आत्याचं, युडिथचं, लग्न झालं श्टाउफर घराण्यात. तिचा मुलगा म्हणजे फ्रेडरिक, पुढे ज्याला लाल दाढीमुळे इटालियन लोक 'बार्बारोसा' म्हणू लागले तो. म्हणजे सम्राट बार्बारोसा हा हाइनरिशचा आतेभाऊ. सम्राटाच्या बाजूने बघितलं तर हाइनरिश मामेभाऊ. ही एवढी गाठ पक्की बांधून ठेवा, पुढे कामाला येईल.

दोन्ही घराण्यांत आधीपासून वैर होतं. हाइनरिशचा बाप बव्हेरिया आणि सॅक्सनी अशा दोन मोठ्या प्रांतांचा ड्यूक, सम्राट लोथारचा जावई. सासऱ्यानंतर राजा आपणच होणार असं तो धरून चालला होता. 1138 मध्ये निवडणूक झाली (जर्मनीत राजा निवडला जायचा, निवडणारे अर्थात मोठे सरदार आणि बिशप) आणि निवडून आला श्टाउफरांचा कोनराड. कारण उघड आहे. आधीच ज्याच्याकडे अर्धा देश आहे त्याला मुकुटही द्यायला बाकीचे सरदार तयार नव्हते. कोनराडने आल्या आल्या याचे दोन्ही प्रांत काढून घेतले. सॅक्सनी दिला आल्ब्रेष्ट नावाच्या सरदाराला, लोक त्याला 'अस्वल' म्हणत. हा आल्ब्रेष्ट हाइनरिशच्या बापाचा सख्खा मावसभाऊ. दोघांच्या आया सॅक्सनीच्या जुन्या ड्यूकच्या मुली, त्यामुळे त्या प्रांतावर दोघांचाही आजोळचा हक्क. भांडण लागायला एवढं पुरतं.

बाप 1139 मध्ये अचानक गेला. पोरगं दहा वर्षांच्या आसपासचं. आजीने आणि आईने सॅक्सनीतल्या सरदारांना धरून ठेवलं आणि 1142 मध्ये सॅक्सनी परत मिळवला. याची किंमत आईने मोजली. राजाच्या सावत्र भावाशी, ज्याला दरम्यान बव्हेरिया मिळाला होता, तिचं दुसरं लग्न लावून दिलं. वर्षभरात ती बाळंतपणात गेली.

1152 मध्ये फ्रेडरिक राजा झाला तो मुळात यासाठीच. वडील श्टाउफर, आई वेल्फ, दोन्ही घरचं रक्त. हा भांडण मिटवेल असं लोकांना वाटलं. त्याचा काका आणि इतिहासकार बिशप ऑटो याने तर लिहूनच ठेवलंय की दोन भिंती जोडणाऱ्या कोपऱ्याच्या दगडासारखा हा माणूस आहे. फ्रेडरिकनेही शब्द पाळला. 1156 मध्ये त्याने मामेभावाला बव्हेरिया परत दिला. त्यासाठी बव्हेरियाचा पूर्वेकडचा तुकडा तोडून त्याची वेगळी डची केली आणि ती आधीच्या मालकाला देऊन त्याची समजूत घातली. त्या तुकड्याचं नाव ऑस्ट्रिया. एका घरगुती वाटणीतून एक देश निघाला, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

पुढची वीस वर्षं ही जोडी जोरात होती. हाइनरिशने सम्राटासाठी इटलीत तलवार चालवली, आणि त्या बदल्यात सम्राटाने उत्तरेत त्याला रान मोकळं सोडलं. त्याने ते किती वापरलं याचा एक नमुना सांगतो. मिठाचा व्यापारी रस्ता ईझार नदी ओलांडायचा तो फ्रायझिंगच्या बिशपच्या पुलावरून. जकात बिशपला. हाइनरिशने तो पूल पाडला आणि थोडं वर, आपल्या हद्दीत, नवा पूल बांधून बाजार आणि टांकसाळ तिकडे नेली. बिशप म्हणजे तोच वर आलेला इतिहासकार ऑटो, सम्राटाचा काका. तक्रार सम्राटाकडे गेली. 14 जून 1158 ला निवाडा झाला: बाजार नव्या जागीच राहील, बिशपला उत्पन्नाचा तिसरा हिस्सा मिळेल. म्हणजे काकापेक्षा मामेभाऊ जवळचा ठरला. त्या नव्या जागेचं नाव म्युनिक. आज तिथे लोक बिअरचे मोठाले मग घेऊन नाचतात. गावाची सुरुवात पाडलेल्या पुलापासून आहे.

पुढच्याच वर्षी ल्युबेक बंदर त्याने आपल्याच मांडलिकाकडून दबाव टाकून घेतलं आणि नव्याने वसवलं. बाल्टिक समुद्राचा सगळा व्यापार पुढे त्या बंदरातून चालला. ब्राउनश्वाइग ही राजधानी. तिथल्या किल्ल्याच्या चौकात त्याने ब्राँझचा भलामोठा सिंह उभा केला. आल्प्सच्या उत्तरेला प्राचीन काळानंतर ओतलेला असा पहिला मोठा मोकळा पुतळा.

पूर्वेकडे स्लाव लोकांशी त्याच्या लढाया झाल्या, त्या साध्या नव्हत्या. धर्माच्या नावाने सुरू झाल्या, जमीन आणि खंडणीवर संपल्या. ओबोट्राइट जमातीचा राजा निक्लोट 1160 मध्ये मारला गेला. त्याचा एक मुलगा कैदेत होता. दुसऱ्याने, प्रिबिस्लावने, बंड केलं म्हणून कैदेतल्याला 1164 मध्ये फाशी दिलं. आणि तीन वर्षांनी काय झालं? डेन्मार्कचा राजा डोईजड होतोय म्हटल्यावर त्याच प्रिबिस्लावला हाइनरिशने त्याचा बहुतेक मुलूख परत दिला. दोघं मिळून जेरुसलेमच्या यात्रेला गेले. हाइनरिशची एक अनौरस मुलगी प्रिबिस्लावच्या मुलाला दिली. ज्याच्या बापाला मारलं, भावाला लटकवलं, तो व्याही झाला. त्याच्या मनात काय चाललं असेल, ते कुठल्याही बखरीत नाही.

हाइनरिशची स्वतःची लग्नं दोन. पहिली बायको क्लेमेंत्सिया, त्सेरिंगेन घराण्यातली. पंधरा वर्षांच्या संसारानंतर 1162 मध्ये लग्न रद्द झालं. कारण दाखवलं की नवरा-बायको जवळच्या रक्ताचे आहेत. पंधरा वर्षं हे कुणाला दिसलं नव्हतं! तेव्हा युरोपातल्या प्रत्येक सरदाराची बायको शोधली तर कुठेतरी नात्यातलीच निघायची, त्यामुळे ही सोय कायम हाताशी असायची. इथे खरी गोष्ट अशी की त्सेरिंगेनवाल्यांचं सम्राटाशी बिनसलं होतं, आणि हाइनरिशला मुलगा नव्हता.

दुसरी मटिल्डा, इंग्लंडच्या राजाची थोरली मुलगी. 1168 मध्ये लग्न झालं तेव्हा ती बारा वर्षांचीही नव्हती आणि हा चाळिशीला टेकलेला. ही सोयरीक जुळवायला सम्राटाचाच मुख्य सल्लागार आर्चबिशप राइनाल्ड गेला होता. म्हणजे पुढे ज्या सासरच्या जोरावर हाइनरिश तगला, ते सासर सम्राटाच्याच माणसाने शोधून दिलं. मटिल्डाचे भाऊ कोण, तर रिचर्ड 'सिंहहृदयी' आणि जॉन. हो, रॉबिन हूडच्या सिनेमांत असतात तेच.

1172 च्या जेरुसलेम यात्रेतली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. परतताना वाटेत सेल्जुक सुलतान किलिज अर्सलान याने त्याचं मोठं स्वागत केलं आणि म्हणाला, आपण नातेवाईक आहोत. कसे? कुणी एक जर्मन बाई रशियाच्या राजाला दिली होती, तिची मुलगी पुढे सुलतानाच्या वंशात आली, म्हणून. ल्युबेकच्या आर्नोल्डने हे लिहून ठेवलंय. खरं खोटं देव जाणे. पण अनातोलियातला मुसलमान सुलतान आणि सॅक्सनीचा ख्रिस्ती ड्यूक एकमेकांशी बोलायला बसले की पहिला विषय 'तुमचं आजोळ कुठलं' हाच निघतो, हे मला फार आवडतं.

आता काका. काका-पुतण्या म्हटलं की आपल्याकडे लोक लगेच कान टवकारतात, तर टवकाराच.

हाइनरिशचा काका सहावा वेल्फ. दक्षिण जर्मनीत आणि इटलीत त्याची मोठी जमीन. त्याचा एकुलता एक मुलगा 1167 मध्ये सम्राटाच्या सैन्याबरोबर रोमला गेला आणि तिथे पसरलेल्या साथीत वारला. (त्याच साथीत हाइनरिशचा जावई आणि वर आलेला राइनाल्डही गेले.) म्हातारा एकटा पडला. मग त्याने खर्चाला हात सोडला. मेजवान्या, शिकारी, देणग्या. पैसा कमी पडू लागला तेव्हा त्याने पुतण्याला सांगितलं: मला रोख रक्कम दे, माझ्यामागे सगळं तुझं. पुतण्या हो म्हणाला. आणि पैसे दिलेच नाहीत. त्याचा हिशेब असा की काका आज ना उद्या जाणार, जमीन आपसूक आपल्याकडेच येणार, मग पैसे कशाला घाला?

काका गेला नाही. 1191 पर्यंत जगला! चिडून तो बहिणीच्या मुलाकडे गेला. म्हणजे कुणाकडे? वर बांधलेली गाठ आठवा. हाइनरिशचा काका तोच सम्राटाचा मामा. भाच्याने रोख मोजली. आधी इटलीतली जमीन घेतली, मग 1170 चं दशक संपता संपता श्वाबियातली वडिलार्जित जमीनही. वेल्फ घराण्याचा मूळ गाभा श्टाउफरांच्या घरात गेला, तोही लढाई न करता, खरेदीखताने. माझं स्वतःचं मत विचाराल तर दोन भावांतला दुरावा इथे आहे. किआव्हेन्ना नंतर.

किआव्हेन्नाचा प्रसंग मात्र प्रसिद्ध आहे. 1176 च्या सुरुवातीला सम्राट इटलीत अडचणीत होता, सैन्य कमी. त्याने मामेभावाला आल्प्सपाशी बोलावून मदत मागितली. हाइनरिशने बदल्यात गोस्लार मागितलं, तिथल्या चांदीच्या खाणींसकट. सम्राटाने नकार दिला. मे महिन्यात लेन्यानोला सम्राटाचा पराभव झाला. बखरी सांगतात की सम्राट मामेभावापुढे गुडघ्यावर बसला होता आणि तरी तो ढिम्म. पुढच्या बखरीत राणी सम्राटाला उठवते, त्याच्या पुढच्या बखरीत हाइनरिशचा कारभारी बाजूने टोमणा मारतो. प्रसंगापासून जितकं लांब जावं तितका तपशील वाढत जातो. आपल्या इतिहासाच्या वाचकाला ही लक्षणं नवी नाहीत.

भेट झाली असणार, मागणी आणि नकारही खरा असावा. पण 'मामेभावाने दगा दिला म्हणून सम्राटाने सूड घेतला' ही गोष्ट मला पुरेशी वाटत नाही. त्या स्वारीला जायचं कायदेशीर बंधन हाइनरिशवर होतं असं दिसत नाही. आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे 13 एप्रिल 1180 चं गेल्नहाउजेनचं फर्मान, ज्याने त्याचा सॅक्सनी काढून घेतला. त्यात किआव्हेन्ना नाही. आरोप आहेत ते असे: चर्चच्या आणि सरदारांच्या जमिनी बळकावल्या, त्यांचे हक्क तुडवले, आणि वारंवार बोलावूनही दरबारात हजर झाला नाही. म्हणजे फिर्याद शेजाऱ्यांची. वीस वर्षं सम्राट त्यांच्या तक्रारी बाजूला सारत होता. आता त्याने फक्त तसं करणं थांबवलं.

निकालात वाटणी बघा. सॅक्सनीचा पश्चिम भाग गेला कोलोनच्या आर्चबिशपला, जो मुख्य फिर्यादींपैकी होता. उरलेला भाग आणि ड्यूकचं पद गेलं बर्नहार्टला. हा 'अस्वल' आल्ब्रेष्टचा मुलगा, बापाच्या मावसभावाचं पोरगं, 1138 पासून टपलेलं घर. बव्हेरिया मिळाला विटल्सबाखच्या ऑटोला, आणि त्याच्या वंशाने तो 1918 पर्यंत धरून ठेवला. फिर्यादी, पंच आणि लाभार्थी एकाच बाकावर. सम्राटाने स्वतःकडे यातलं फारसं काही ठेवलं नाही. मोठेपणा म्हणा किंवा नाइलाज म्हणा. मी नाइलाज म्हणेन. ज्यांच्या जोरावर पाडलं त्यांना वाटा द्यावाच लागतो.

हाइनरिश लढला, पण त्याचेच मांडलिक त्याला सोडून गेले. नोव्हेंबर 1181 मध्ये एर्फुर्टला तो सम्राटाच्या पायाशी आला. सम्राटाने त्याला उठवलं, मिठी मारली, डोळ्यांत पाणी आणलं. आर्नोल्ड हे सांगून खाली शेरा मारतो की हे अश्रू खरे होते का शंकाच आहे, कारण सम्राटाने त्याला परत उभं करायला काहीच केलं नाही. आठशे वर्षांपूर्वीचा भिक्षू, पण नजर पत्रकाराची. ब्राउनश्वाइग आणि ल्युनेबुर्गच्या आसपासची घरची जमीन राहिली. तीन वर्षं हद्दपारी.

तो सासरी गेला, बायकोमुलांसकट. 1184 मध्ये विन्चेस्टरला धाकटा मुलगा विल्यम झाला. घरजावई म्हणून राहण्याचं वय नव्हतं, पण सासऱ्याने चांगलं ठेवलं आणि त्याच्या परतीसाठी रदबदलीही केली. 1185 मध्ये तो परतला. 1189 मध्ये सम्राट धर्मयुद्धाला निघाला तेव्हा हाइनरिशला मागे सोडून जायची त्याची तयारी नव्हती. बरोबर चल, नाही तर पुन्हा बाहेर जा. हा बाहेर गेला. मटिल्डा जमीन सांभाळायला ब्राउनश्वाइगला राहिली आणि त्याच उन्हाळ्यात वारली, तेहतिसाव्या वर्षी. सासराही त्याच उन्हाळ्यात गेला. मग हाइनरिश शब्द मोडून परत आला आणि ज्या बार्डोविक गावाने त्याला पूर्वी दार लावलं होतं ते त्याने उद्ध्वस्त केलं. पुढच्या जूनमध्ये बार्बारोसा धर्मयुद्धाच्या वाटेवर नदीत बुडून मेला. पण भांडण त्याच्या मुलाकडे, सहाव्या हाइनरिशकडे, वारशाने आलं. मेहुणा रिचर्ड व्हिएन्नाजवळ पकडला गेला आणि या नव्या सम्राटाच्या कैदेत पडला, तेव्हा खंडणीसाठी ओलीस म्हणून सिंहाची दोन मुलं, ऑटो आणि विल्यम, द्यावी लागली.

हे सगळं मिटवलं कुणी? एका आईने. ऱ्हाइन प्रांताचा काउंट कोनराड हा बार्बारोसाचा सावत्र भाऊ. त्याला एकच मुलगी, आग्नेस. सिंहाच्या थोरल्या मुलाशी तिचं पूर्वी बोलणं झालं होतं, पण आता फ्रान्सचा राजा तिला मागत होता आणि सम्राटालाही ते पसंत होतं. आग्नेसची आई इर्मिंगार्ड हिने नवरा बाहेरगावी असताना मुलाला निरोप धाडला. तो श्टालेक किल्ल्यावर आला आणि तिने तिथेच दोघांचं लग्न लावून टाकलं. सम्राट भडकला, लग्न मोडा म्हणाला. कोनराडचं म्हणणं पडलं की आता मोडलं तर माझ्या मुलीची अब्रू जाईल. शेवटी त्याच कोनराडने जावयासाठी शब्द टाकला आणि मार्च 1194 मध्ये टिलेडाला म्हाताऱ्या सिंहाची आणि सम्राटाची दिलजमाई झाली. फर्मानं, वेढे, ओलीस यांनी जे पंधरा वर्षांत झालं नाही ते या बाईने केलं. तिचं नाव शाळेच्या पुस्तकात नसणार, याची मला खात्री आहे.

शेवटच्या दिवसांत हाइनरिश जुन्या बखरी गोळा करून रात्र-रात्र वाचून घेत असे. 6 ऑगस्ट 1195 ला ब्राउनश्वाइगला गेला. त्याची आणि मटिल्डाची समाधी तिथल्या चर्चमध्ये शेजारी-शेजारी आहे.

मेल्यावरही त्याला निवांत पडू दिलं नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मन इतिहासकार दोन गटांत भांडले. एका गटाचं म्हणणं, बार्बारोसाने इटलीच्या नादात देश वाया घालवला, खरं राष्ट्रकार्य पूर्वेकडे जाणाऱ्या सिंहाने केलं. हा धागा नाझींनी उचलला. 1935 मध्ये त्यांनी समाधी उघडली, हिटलर स्वतः बघायला आला, चर्चचं 'राष्ट्रीय' स्मारक करून टाकलं. पूर्वेकडच्या जमिनी हव्यात, तर बघा, आमचा पूर्वजही तिकडेच गेला होता! त्या पूर्वजाने स्लाव राजपुत्राला मुलूख परत दिला, मुलगी दिली, यात्रेला बरोबर नेलं, ही पानं कुणी उघडली नाहीत. राष्ट्र हा शब्द त्याच्या डोक्यात नव्हता. त्याच्या डोक्यात होतं ते त्या पुस्तकातलं चित्र: मी कुणाचा मुलगा, कुणाचा नातू, कुणाचा जावई.

घराण्याचं पुढे काय झालं तेही सांगतो. मधला मुलगा ऑटो 1209 मध्ये सम्राट झाला, वेल्फांपैकी एकटाच, आणि 1214 मध्ये बुव्हीनच्या लढाईत सगळं घालवून बसला. वंश चालला तो विन्चेस्टरला हद्दपारीत जन्मलेल्या विल्यमचा. त्याच्या मुलाला 1235 मध्ये बार्बारोसाच्या नातवाने ब्राउनश्वाइग-ल्युनेबुर्गचा ड्यूक केलं. त्याच वंशातला हॅनोव्हरचा गेओर्ग 1714 मध्ये इंग्लंडचा राजा पहिला जॉर्ज झाला.

आणि तो व्याही प्रिबिस्लाव? त्याचं घराणं मेक्लेनबुर्गमध्ये टिकलं. 1761 मध्ये त्या घरातली शार्लोट इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जला दिली. सिंहाच्या आणि निक्लोटच्या घरात सहाशे वर्षांनी पुन्हा सोयरीक झाली. या दोघांची नात व्हिक्टोरिया. तिच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली म्हणून 1887 मध्ये बोरीबंदरच्या स्टेशनाला तिचं नाव दिलं होतं. आता ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आहे, पण जुनी माणसं अजून व्हीटीच म्हणतात.